कॉन्फरन्स फायनलचा एमव्हीपी: वाचकांच्या शंका

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे संघ ईस्टर्न (पूर्व) आणि वेस्टर्न (पश्चिम) अशा दोन कॉन्फरन्समध्ये, म्हणजे गटांत, असतात. प्रत्येक गटाच्या फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला एमव्हीपी पुरस्कार मिळतो आणि दोन्ही गटविजेते पुढे एनबीए फायनल्समध्ये भिडतात. गटांच्या फायनल संपल्या की त्याच त्या शंका पुन्हा येऊ लागतात. काहींची उत्तरं एका ओळीत होतात, एकाचं होत नाही.

प्र. मायकेल जॉर्डनला ईस्टर्न फायनलचा एमव्हीपी किती वेळा मिळाला?

एकदाही नाही. हा पुरस्कारच 2022 मध्ये सुरू झाला. जॉर्डनचे सहा एमव्हीपी एनबीए फायनल्सचे आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली यादी पुढे ढकलण्याआधी लीगची वेबसाइट उघडून पाहा.

प्र. बॉब कूझी ट्रॉफी म्हणजे हाच पुरस्कार ना?

नाही. ती पूर्वेच्या विजेत्या संघाची, पश्चिमेची ऑस्कर रॉबर्टसनच्या नावाची. खेळाडूला पूर्वेत लॅरी बर्ड ट्रॉफी मिळते, पश्चिमेत मॅजिक जॉन्सन ट्रॉफी.

प्र. 2025 मध्ये इंडियाना संघाचा सगळा खेळ हॅलिबर्टन चालवत होता. मग पुरस्कार त्याच्याच संघातल्या सियाकमला कसा? आतून काही ठरलं होतं, असं ऐकलं.

कुठे ऐकलंत? नऊ पत्रकार-समालोचक मत देतात आणि कोणी कोणाला दिलं ते लीग जाहीर करते. सियाकमला 5, हॅलिबर्टनला 4. पूर्वेत असा निकाल सलग तिसऱ्यांदा लागला: 2023 मध्ये बटलर 5, केलेब मार्टिन 4, 2024 मध्ये जेलन ब्राऊन 5, टेटम 4. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर ट्रॉफी दुसऱ्याच्या हातात असती. यात कारस्थान शोधू नका.

मला खुपतं ते वेगळंच. सियाकमने दुसऱ्या सामन्यात न्यूयॉर्कच्या मैदानावर 39 गुण केले, सहाव्यात 31. पुरस्कार त्याला शोभतोच. पण चौथा सामना पुन्हा बघा. हॅलिबर्टनचे 32 गुण, 15 असिस्ट (ज्यावर सहकाऱ्याने बास्केट केली असे पास), 12 रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) आणि टर्नओव्हर, म्हणजे गमावलेले चेंडू, शून्य! चेंडू सतत ज्याच्या हातात असतो त्या पॉइंट गार्डने तो एकदाही गमावला नाही. हे किती अवघड आहे, ते खेळलेल्यालाच कळतं. आपल्याकडे स्पर्धांच्या स्कोअरशीटवर गुण आणि फाउल लिहितात, असिस्टला रकानाच नसतो. मग मुलगा घरी आला की आई-बाबा विचारतात, "तुझे किती झाले?" आणि तो पुढच्या सामन्यात मोकळ्या मित्राला पास न देता स्वतःच शॉट घेतो. बाकावर एका मुलाला वही देऊन असिस्ट, स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू), टर्नओव्हर लिहायला बसवा, खर्च काही नाही. काय नोंदवायचं ते तुमच्या प्रशिक्षकांबरोबर बसून ठरवा आणि स्पर्धेचा उत्कृष्ट खेळाडू निवडताना ती वही पंचांपुढे, आयोजकांपुढे ठेवा.

प्र. कॉन्फरन्सचा एमव्हीपीच फायनल्सचा एमव्हीपी होतो, अशी 'खात्रीची टिप' एक अ‍ॅप पैसे घेऊन देतंय. घ्यावी का?

नाही. करी, योकिच, ब्राऊन, गिल्जस-अलेक्झांडर या चौघांनी 2022 ते 2025 या वर्षांत दोन्ही पुरस्कार मिळवले, हे खरं. पण दरवर्षी असे एमव्हीपी दोन असतात आणि त्यातला कोण जिंकणार, हे त्या अ‍ॅपला माहीत नाही. पैसे आधीच दिले असतील तर आज बँकेशी बोला.

प्र. मुलीचा घोटा सुजलाय. पण आंतरशालेय फायनल चार दिवसांवर आहे आणि उत्कृष्ट खेळाडूचं बक्षीस तिलाच मिळेल असं सगळे म्हणतात. सामन्यानंतर दाखवलं तर चालेल?

चालणार नाही. 2025 च्या फायनल्समध्ये हॅलिबर्टनची पोटरी पाचव्या सामन्यात दुखावली. तो खेळत राहिला आणि सातव्या सामन्याच्या पहिल्याच क्वार्टरमध्ये त्याचा टाचेमागचा अकिलीस टेंडन तुटला. पुढचा अख्खा हंगाम गेला. त्याच्या दिमतीला तर डॉक्टरांची फौज होती. तुमच्या मुलीला कुणी तपासलेलंसुद्धा नाही. मलम, शेक, शेजाऱ्यांचा सल्ला, सगळं थांबवा आणि आजच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. खेळायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या, आणि ते काय म्हणाले ते प्रशिक्षकांना आज रात्रीच कळवा, म्हणजे त्यांना दुसरी गार्ड तयार करता येईल.