‘दि अपॉथेकरी डायरीज’चा ॲनिमे पाहून झाला. आता मांगा वाचू की मूळ कादंबरी? तिन्हींत खरंच इतका फरक आहे का?

दोन्ही सीझन पाहून झालेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून कथेतली गुपितं न लपवता उत्तर देते. ज्यांनी अजून पाहिलेलं नाही त्यांनी कृपा करून आधी पाहून यावं. नवख्यांसाठी एवढंच: ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, आणि ही गोष्ट आहे सम्राटाच्या अंतःपुरात दासी झालेल्या माओमाओ या औषधवालीची.

फरक आहे, आणि तो कळायला मूळ जपानी नावापासून सुरुवात करावी लागते. नाव आहे ‘कुसुरिया नो हितोरिगोतो’. कुसुरिया म्हणजे औषधं विकणारी व्यक्ती, हितोरिगोतो म्हणजे स्वतःशीच बोलणं. यात रोजनिशी कुठेच नाही. आपल्या नाटकातला शब्द घेतला तर हे ‘औषधवालीचं स्वगत’ झालं. इंग्रजी नावात तेवढंच नेमकं निसटलं. माझ्या मते तिन्ही रूपांतला फरक या स्वगताचाच आहे. माओमाओ मनात जे बोलते, त्यातलं किती आपल्या कानावर पडतं आणि ते कोण ऐकवतं?

नात्सु ह्यूगा यांनी ही कथा २०११ मध्ये ‘शोसेत्सुका नि नारो’ या संकेतस्थळावर लिहायला घेतली. तिथे कोणीही कादंबरी टाकू शकतं आणि वाचक प्रकरणागणिक वाचत जातात. ‘हिरो बुन्को’ने पुस्तकरूपात काढलेली खंडमालिका, जी आज मूळ कादंबरी मानली जाते, ती २०१४ पासूनची. मी ती इंग्रजी अनुवादात वाचली, तेव्हा भाषेच्या बारकाव्यांबद्दल मोठा दावा करणार नाही. पण घडण कळते. प्रकरणं लहान आहेत. निवेदन तृतीयपुरुषी असलं तरी बहुतेक वेळ आपण माओमाओच्या डोक्यात बसलेलो असतो. आणि गंमत अशी की तिच्या डोक्यात बसूनही ती आपल्याला सगळं सांगत नाही. लुओमेनने, तिच्या मानलेल्या बाबांनी, तिला शिकवलंय की नुसत्या अंदाजावर बोलायचं नाही. ही शिस्त ती मनातल्या मनातही पाळते. विचार एका जागी येऊन थबकतो, ती विषय बदलते, आणि राहिलेलं वाक्य वाचकाला पूर्ण करावं लागतं. कादंबरीचा खरा आनंद मला यात वाटला.

मधाचं प्रकरण घ्या, ॲनिमेच्या पहिल्या सीझनमधले दहावा आणि अकरावा हे एपिसोड. चहाच्या वेळी मधाचं काही समोर येतं आणि लिशूचा, सम्राटाच्या लहान वयाच्या राणीचा, चेहरा उतरतो. पुढे कळतं की अगदी लहान असताना मधामुळे ती मरता मरता वाचली होती. आदुओ या दुसऱ्या राणीचं बाळ मात्र वाचलं नाही. तिची मुख्य दासी फेंगमिंग, मधमाश्या पाळणाऱ्या घरातली मुलगी, तिनेच मायेने बाळाला मध दिला होता. हे आदुओला कधीच कळू नये म्हणून ती लिशूवर विषप्रयोग करते. गुन्ह्यामागे दोन हेतू असतात: हे गुपित झाकणं आणि आदुओचं राणीपद टिकवणं. माओमाओ तिला म्हणते की फाशी मी टाळू शकत नाही, पण हे दोन हेतू एकच आहेत असं दाखवू शकते. म्हणजे बाळाचं खरं कारण झाकलेलं राहील.

मराठी घरात हे प्रकरण वेगळंच लागतं. आमच्याकडे तान्ह्या बाळाला सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवतात, गुटी मधात उगाळतात. मलाही माझ्या आजीने चाटवला होता. आज डॉक्टर सांगतात की एक वर्षापर्यंत मधाचा थेंबही द्यायचा नाही. मधात बॉट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचं आतडं त्यांना रुजू देत नाही, तान्ह्याच्या कच्च्या आतड्यात ते वाढतात आणि विष तयार करतात, बाळ हळूहळू ढिलं पडत जातं. कथेतल्या काळात जिवाणू कोणालाच ठाऊक नाहीत. माओमाओला फक्त एवढंच माहीत आहे की मोठ्यांना चालणारी वस्तू बाळाला विष ठरू शकते. हा एपिसोड मी आईसोबत बसून पाहिला. संपल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्या पोरीने प्रेमानेच दिला होता गं.” मला वाटतं, ह्यूगा यांना फेंगमिंगबद्दल जे वाटायला हवं होतं, ते आईला एका वाक्यात वाटलं.

हाच प्रसंग कादंबरीत वाचला तर तो आधी कोडं म्हणून येतो. एक धागा इथे, दुसरा चार पानं पुढे. तुम्ही थांबू शकता, मागे जाऊ शकता, माओमाओच्या आधी उत्तर काढायचा प्रयत्न करू शकता. दुःख उलगडा झाल्यावर जाणवतं. ॲनिमेत उलट होतं. फेंगमिंगचा चेहरा, आवाज आणि रंग आपल्याला आधीच सावध करतात, कोडं मागे पडतं आणि माणूस पुढे येतो. नंतर रात्री भिंतीवर बसून आदुओ माओमाओसोबत दारू पिते. तिथे कोणी फार बोलत नाही, बरीचशी जागा रात्रीलाच दिलेली आहे. कादंबरीतला तो प्रसंग मला आवडला होता, पण भिंतीची उंची मला ॲनिमेनेच दाखवली.

आता मांगा. इथे एक घोळ आहे, जो दुकानात उभं राहिल्यावर लक्षात येतो. मांगा एक नाही, दोन आहेत. दोन्ही २०१७ मध्ये, वेगवेगळ्या प्रकाशकांच्या मासिकांत सुरू झाले आणि दोन्ही याच कादंबरीवरून. एकाची चित्रं नेकोकुरागे यांची आणि रचना इत्सुकी नानाओ यांची, तो ‘बिग गांगान’मध्ये येतो. दुसरा मिनोजी कुराता यांचा, ‘संडे जीन-एक्स’मधला. नेकोकुरागे यांच्याकडे वस्त्रं, केसांतले अलंकार, अंतःपुराचा कारभार पाहणाऱ्या जिन्शीचं देखणेपण, सगळ्यांना भरपूर जागा आहे. माओमाओला मांजराचे कान फुटतात ते खोडकर रूपही त्यात आहे. विष दिसल्यावर तिचे डोळे जसे चमकतात, त्यावर त्या आख्खं पान देतात. कुराता यांची रेघ साधी आहे. तिथे लक्ष उलगड्याकडे असतं आणि कथा भराभर पुढे सरकते. इंग्रजीत पुस्तकरूपात सहज मिळतो तो नेकोकुरागे यांचा, त्यामुळे लोक ‘मांगा’ म्हणतात तेव्हा बहुधा तोच मनात असतो.

स्वगताच्या दृष्टीने मांगाची अडचण ही की मनातलं वाक्य फुग्यात मावायला हवं. कादंबरीतला अर्ध्या पानाचा औषधांचा विचार तिथे दोन ओळींवर येतो. बदल्यात चेहरा मिळतो. माओमाओ वरिष्ठांसमोर ‘होय महाराज’ म्हणत असते आणि त्याच चौकटीत तिचं तोंड असं वाकडं झालेलं असतं की स्वगत न वाचताही कळतं. जिन्शीकडे ती ज्या किळसेने पाहते, ते चित्रातच पाहावं.

ॲनिमे ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. पहिल्या सीझनचे २४ एपिसोड म्हणजे कादंबरीचे पहिले दोन खंड. २०२५ चे २४ म्हणजे तिसरा आणि चौथा. हा हिशेब महत्त्वाचा आहे. दोन खंडांना २४ एपिसोड मिळाले, म्हणून घाई नाही. बारा एपिसोडमध्ये कोंबलेली कितीतरी रूपांतरं मी पाहिली आहेत, त्यांत पात्रांना श्वास घ्यायला वेळ नसतो. इथे दिग्दर्शक नोरिहिरो नागानुमा यांनी वेळ घेतला, शाओलानसारख्या साध्या दासीलाही घेऊ दिला. माझ्यासाठी शाओलान ॲनिमेतच खरी मैत्रीण झाली.

आणि स्वगत? ते माओमाओला आवाज देणाऱ्या आओई यूकी यांच्याकडे गेलं. त्यांचा आवाज मोठ्या लोकांसमोर सपाट, मनातल्या मनात कंटाळलेला, आणि विषाचं नाव निघालं की एकदम लहान मुलीसारखा. उद्यानातल्या मेजवानीचा प्रसंग आठवा. ती सूप चाखते, गाल लाल होतात, बघणाऱ्यांना वाटतं की केवढं चविष्ट असेल. मग ती शांतपणे सांगते की यात विष आहे. कादंबरीत आपण तिच्या जिभेच्या बाजूने असतो, म्हणून बघणाऱ्यांची फसगत आपल्याला बाहेरून दिसत नाही. ॲनिमेत आपण त्यांच्यासोबत बसतो आणि त्यांच्यासोबत हादरतो.

तेविसावा एपिसोड, माओमाओचे जन्मदाते लाकान आणि फेंगशियान यांचा, मी तिन्हींत सर्वोत्तम मानते. लाकानला माणसांचे चेहरे ओळखता येत नाहीत. पुस्तकात ते शब्दांत सांगितलंय आणि मी ते माहिती म्हणून वाचलं होतं. पडद्यावर धडांवर गो आणि शोगी या पटावरच्या खेळांच्या सोंगट्या दिसतात, एकामागून एक, आणि मग त्यांच्यात एकच चेहरा उजळतो. त्या माणसाने जन्मभर काय सोसलं हे मला तेव्हा कळलं. तोवर मला तो फक्त त्रासदायक वाटत होता. माओमाओला त्याचा राग का आहे हे तिच्या स्वगतातून कळतं, पण त्याची बाजू तिच्या स्वगतात येणंच शक्य नाही. ती सांगायला स्वगताबाहेर पडावं लागतं. कादंबरीही तिथे बाहेर पडते, पण ॲनिमेला ते जास्त सहज जमतं.

म्हणून ‘मूळ ते मूळ’ असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही ॲनिमे पाहिलाच आहे, तर माझं मत: कादंबरी घ्या. मांगा तुम्हाला पुन्हा चेहरेच देईल, आणि ते तुमच्याकडे आता आहेत. तुमच्याकडे नाही ते तिचं अर्धवट सोडलेलं वाक्य. चित्रांची ओढ असेल तर नेकोकुरागे यांचा पहिला भाग घेऊन बघा. कथा पटकन पुढे न्यायची असेल आणि मिळाला तर कुराता.

ॲनिमेच्या पुढचं हवं असेल तर पाचवा खंड उघडला तरी चालतं, काही अडत नाही. तरी शक्य असेल तर पहिल्यापासून वाचा. मधाच्या प्रकरणापाशी आलात की जरा हळू. लिशूचा चेहरा उतरतो ती जागा पहिल्या वाचनात मी तशीच ओलांडून गेले होते.