छातीतली जळजळ आणि खात्रीचा हट्ट

"मॅडम, अ‍ॅसिडिटी आहे की अ‍ॅटॅक, हे घरच्या घरी ओळखायचं कसं?"

मी समुपदेशक आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसांकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. डिसेंबर २०२३ मध्ये श्रेयस तळपदे यांना ४७ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. ते त्यातून बरे झाले, पण त्यांच्या वयाचे कितीतरी जण त्यानंतर रात्री छातीवर हात ठेवून जागे राहू लागले. या प्रश्नामागे बऱ्याचदा दुसराच एक प्रश्न दडलेला असतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून एका गृहस्थांची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीने सांगते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात हिशेब विभागात होते. वय ४६. पत्नीसोबत आले, बगलेत जाडजूड फाईल. ईसीजीच्या पट्ट्या काही महिन्यांत फिकट होतात, म्हणून प्रत्येक पट्टीची झेरॉक्स काढून तारखेनिशी लावलेली. सोबत टू-डी इको आणि स्ट्रेस टेस्ट, दोन्ही नॉर्मल. एन्डोस्कोपीत मात्र आम्ल वर येतं हे स्पष्ट दिसलेलं. छाती दुखते म्हणणारा माणूस आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्याशिवाय मी मनाचा विषय काढतच नाही. यांच्या बाबतीत ते काम चोख झालं होतं.

"ईसीजी नॉर्मल आला की काय वाटतं?"

"हायसं वाटतं."

"किती वेळ?"

"घरी गाडी लावेपर्यंत. मग वाटतं, पट्टी काढली तेव्हा नसेल, नंतर झालं असेल तर?"

त्यांची शंका वेडगळ नव्हती. झटक्याच्या सुरुवातीला एखादा ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, म्हणून तर डॉक्टर तो पुन्हा काढतात आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनाची तपासणी काही तासांनी परत करतात. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून जाते. दोघांच्या वेदनेचे निरोप मज्जारज्जूत जवळपास एकाच पातळीवर पोचतात, त्यामुळे दुखतंय नेमकं कुठे हे मेंदूलाही नीट सांगता येत नाही. कसलेले डॉक्टरसुद्धा नुसतं विचारून निकाल देत नाहीत. मग रात्री दोन वाजता अंथरुणात बसून तो आपण कसा देणार? तरी हे गृहस्थ रोज तेच करत होते. बोटाला ऑक्सिमीटर, मनगटावर घड्याळ, दर थोड्या वेळाने नाडी. धास्तीने छाती आणखी धडधडायची, जळजळ आणखी जाणवायची आणि पुन्हा नाडी.

पहिल्या काही भेटी या चक्राभोवतीच फिरल्या. सगळं त्यांना पटायचं, फरक मात्र पडत नव्हता. एक गोष्ट माझ्या डोक्यात घोळत होती. 'काही नाही, अ‍ॅसिडिटी आहे' असं डॉक्टर म्हणाले की इतर लोक सुटकेचा श्वास टाकतात. हे चिडायचे. एका डॉक्टरांशी तर त्यांचं भांडण झालं होतं. शेवटी मी विचारलंच, "अ‍ॅसिडिटी म्हटलं की तुम्हाला इतका राग का येतो?"

ते बराच वेळ गप्प. मग फाईलकडे बघत म्हणाले, "दादालाही अ‍ॅसिडिटीच होती."

थोरले भाऊ झटक्याने गेले, हे मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. पुढचं मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, शेजारी बसलेल्या पत्नीलासुद्धा. "गावी जेवणं झाली होती. दादा म्हणाला, छाती भरल्यासारखी वाटतेय. घाम आला होता. मीच ग्लासात गॅसची पुडी घातली, माझ्या हाताने दिली. त्याला ढेकर आली. बरं वाटतंय म्हणाला. मी म्हटलं, झोप आता. पहाटे वहिनीने हाक मारली..."

त्यांच्या पत्नीने डोळ्याला पदर लावला नाही, त्या रडल्याही नाहीत. त्यांनी फक्त नवऱ्याच्या मांडीवरची फाईल उचलून खाली ठेवली. मीही घाई केली नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलण्याचा मोह आवरायचा असतो, आणि तेवढं एक मला नीट साधलं आहे असं मी म्हणेन.

मला जे दिसलं ते असं. या माणसाला मरणाची भीती होतीच, पण रोज रात्री ते त्याच एका रात्रीच्या परीक्षेला पुन्हा बसत होते. या खेपेस उत्तर चुकता कामा नये, म्हणून शंभर टक्के खात्री हवी. ती मिळणारच नव्हती.

"त्या रात्री तुम्हाला झटका आहे हे माहीत होतं?"

"नाही हो! ढेकर आली, त्याला बरं वाटलं..."

"ढेकर आली म्हणजे हृदय ठीक, असं तुम्हाला वाटलं."

"गावात सगळ्यांनाच वाटतं, मॅडम."

"मग जे ठाऊक नव्हतं, ते कळायलाच हवं होतं म्हणून स्वतःला गुन्हेगार ठरवणं कुठल्या न्यायात बसतं?"

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली आहे. दुःख नाकारायचं नाही, दुःखाला चिकटलेला हट्ट मात्र सोडवायचा, ही ती शिकवण. भाऊ गेल्याचं दुःख त्यांना आयुष्यभर राहील आणि राहावंच. 'मला कळायलाच हवं होतं' हा हट्ट सुटायला आणखी काही भेटी लागल्या. तो सैल झाला तसा 'मला आत्ता खात्री हवीच' हा हट्टही सैल झाला.

मग आम्ही व्यवहाराकडे वळलो. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून एक कागद तयार केला आणि तो फ्रिजवर लावायला सांगितला. छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखं किंवा ओझं ठेवल्यासारखं वाटणं आणि ते काही मिनिटांत न ओसरणं. कळ हातात, जबड्यात, मानेत किंवा पाठीत जाणं. थंड घाम, धाप, भोवळ. चालताना दुखणं आणि थांबल्यावर कमी होणं. यातलं काहीही असेल, किंवा त्रास नेहमीपेक्षा वेगळा वाटत असेल, तर ओळखत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा, स्वतः गाडी चालवायची नाही. पुडीने बरं वाटलं म्हणजे हृदय सुटलं, असं अजिबात धरायचं नाही. दवाखान्यात जाऊन अ‍ॅसिडिटीच निघाली तर ओशाळायचंही नाही.

आणि तपासण्या झालेल्या माणसाची ती ओळखीची जळजळ, म्हणजे जेवणानंतर किंवा आडवं पडल्यावर घशाशी येणारं आंबट पाणी, वाकल्यावर वाढणारी आग, एवढंच असेल तर उठून बसायचं, डॉक्टरांनी दिलेलं औषध घ्यायचं. नाडी मोजायची नाही. गळीत हंगामात ते रात्री साडेदहाला जेवून लगेच आडवे व्हायचे. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर आलं, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा गेल्या. सकाळची गोळी ते नाश्त्यानंतर घेत, ती डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे अर्धा तास आधी घेऊ लागले. जळजळ निम्म्याहून कमी झाली. ऑक्सिमीटर त्यांनी आपणहून पत्नीच्या हवाली केला.

शेवटच्या भेटीत बोलणं संपत आलं असताना त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "मला नाही कधी छातीत दुखत. हल्ली जिना चढला की धाप लागते आणि जबडा जड होतो, एवढंच." त्यांना बऱ्याच वर्षांचा मधुमेह. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये झटका पुष्कळदा छातीत न दुखताच येतो. नुसती धाप, कमालीचा थकवा, मळमळ, पोटाच्या वरच्या भागात दुखणं एवढंच दिसतं. आजवर त्या घरातली प्रत्येक तपासणी त्यांच्या यजमानांची झाली होती. मी त्या बाईंना घरी जाऊ दिलं नाही. तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि दोघं थेट तिकडे गेले. अँजिओग्राफीत एका रक्तवाहिनीत मोठा अडथळा सापडला. स्टेंट बसवला. यजमान रात्रभर बाहेरच्या बाकावर होते. पहाटे त्यांनी मला कळवलं, "ती बरी आहे. मी ईसीजी काढला नाही."