चेहऱ्यावर सारखे मुरूम येतात, लिंबू चोळलं तर चालेल का?

लिंबू नकोच. त्याचा रस फार आम्लधर्मी असतो. चोळून उन्हात गेलात तर त्वचा भाजते, वर काळे डाग पडतात ते वेगळेच. त्यापेक्षा दोन चमचे बेसन, चिमूटभर हळद आणि दही कालवून लावा, पण कडकडीत वाळायच्या आत कोमट पाण्याने धुवा. खरवडून काढाल तर मुरूम फुटतात. याने त्वचा मऊ होते, मुरूम बरे होतीलच असं नाही.

खाण्यात मैदा, बिस्किटं, गोड चहा कमी करून बघा. साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ काहींना बाधतात. जिमवाली व्हे पावडर (दुधातल्या प्रथिनांची भुकटी) घेत असाल तर तीही थांबवून पाहा.

आणि हो, डोक्याला रात्रभर खोबरेल थापता का? कपाळावरच्या पुळ्या बहुधा त्याच्याच! उशीचा अभ्रा आठवड्याला बदला. दुखऱ्या गाठी असतील तर मात्र थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा.