काविळीनंतर रक्तदान केव्हा करावे?

प्रश्न : आमच्या तालमीच्या शिबिरात मी दरवर्षी रक्तदान करतो. गेल्या ऑगस्टमध्ये मला कावीळ झाली आणि तपासणीत ती हिपॅटायटिस ई असल्याचे निघाले. आता मी ठणठणीत आहे. येत्या शाहू जयंतीच्या शिबिरात रक्त दिले तर चालेल का? काही दोष राहिला असल्यास रक्तपेढीच्या तपासणीत तो सापडेलच ना?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : या शिबिरात रक्त देऊ नये. हिपॅटायटिस ए किंवा ई झालेल्या व्यक्तीने १२ महिने रक्तदान करू नये, असा आपल्याकडील दंडक आहे आणि २६ जूनला आपले १२ महिने पूर्ण होत नाहीत.

आपला दुसरा समज मात्र चुकीचा असून तो बहुतेक रक्तदात्यांचा असतो. भारतात प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी सक्तीची आहे. हिपॅटायटिस ईची नाही. हा विषाणू मुख्यतः सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून पसरतो. इचलकरंजीतील २०१२ ची साथ जिल्ह्याच्या अजून स्मरणात असेल. परंतु डोळे पिवळे होण्याआधीच काही दिवस तो रक्तात उतरलेला असतो, आणि अनेकांना तर कोणतीही लक्षणे दिसत नाहीत. इंग्लंडच्या आग्नेय भागात सुमारे सव्वादोन लाख पिशव्या तपासल्या, तेव्हा ७९ पिशव्यांत हा विषाणू आढळला. असे रक्त मिळालेल्या ज्या ४३ रुग्णांचा पाठपुरावा झाला, त्यांपैकी १८ जणांना संसर्ग झाला होता. तेथील विषाणूचा प्रकार वेगळा, बहुधा डुकराच्या मांसातून येणारा, त्यामुळे हे आकडे कोल्हापूरला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. रक्तातून संसर्ग होऊ शकतो, एवढे मात्र त्यांवरून निश्चित होते. ब्रिटन, आयर्लंड, नेदरलँड्स आणि जपान येथे आता रक्ताची ही तपासणी केली जाते.

धडधाकट माणूस यातून सहसा आपोआप बरा होतो. पण रक्त ज्यांना द्यावे लागते त्यांत गरोदर स्त्रिया असतात, आणि शेवटच्या तिमाहीत हा आजार झाल्यास त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. शिवाय एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळे काढले जात असल्याने ती तीन रुग्णांपर्यंत पोचू शकते.

तेव्हा शिबिरातील अर्जात काविळीचा रकाना घाईघाईने ‘नाही’ म्हणून भरू नये. मंडळाचा पिशव्यांचा आकडा वाढावा म्हणून कार्यकर्ते आग्रह करतात, तेथे संकोच नको. आपल्याकडे कावीळ झाली की झाडपाल्याचे औषध घेऊन रक्ततपासणी टाळणारे पुष्कळ आहेत. कावीळ कोणत्या प्रकारची होती हेच त्यांना ठाऊक नसते, आणि ती बी किंवा सी असेल तर रक्तदान कायमचेच वर्ज्य ठरते. आपल्याजवळ अहवाल आहे, तो जपून ठेवा आणि पुढील वर्षी रक्तपेढीच्या डॉक्टरांना दाखवा. रक्त दिल्यावर काही आठवड्यांत कावीळ झाली, तर मात्र त्याच दिवशी रक्तपेढीला फोन करा. तांबड्या पेशींची पिशवी पाच-सहा आठवडे शीतकपाटात राहू शकते, त्यामुळे ती रुग्णाला देण्यापूर्वी बाजूला काढता येण्याची शक्यता असते.