नाशिकच्या डाउनहिल शर्यतीसाठी टायर २.४ चे घ्यावेत की २.५ चे?

डोंगरउतारावरून सायकलने खाली सुटायच्या शर्यतीत पहिल्यांदाच उतरताय, सायकल २९ इंची, तुमचं वजन ७८ किलो, टायर २.४ इंच रुंदीचे घेऊ की २.५ आणि कोणत्या कंपनीचे, असं तुम्ही विचारलंय. २.५ घ्या. रिम आतून ३० मिलिमीटरच्या आसपास रुंद असेल तर डोळे झाकून घ्या. झालं उत्तर. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की ग्रुपमधले सिनिअर म्हणतात, टायर हलके घे आणि हवा टाइट ठेव, गाडी पळते. ते वाचून माझं डोकं फिरलं, म्हणून एवढं लिहिते आहे.

नाशिक हे डांबरावरच्या सायकलवाल्यांचं शहर. २०१५ साली इथल्या महाजन बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी रॅम ही शर्यत पुरी केली. इथून पंढरपूरला सायकलवारी जाते, गंगापूर रोडला पहाटे बघावं तर घोळकेच्या घोळके. या मंडळींबद्दल मला आदर आहे आणि त्यांच्याएवढं अंतर कापायची माझी टाप नाही. पण डांबरावर कमावलेली अक्कल अंजनेरीच्या बाजूच्या उतारावर चालत नाही. हे त्यांना सांगायला गेलं की ते अंतराचा हिशेब काढतात.

आमचे दाजी त्यातलेच. ताईचे मिस्टर, त्यामुळे उलट बोलायची सोय नाही. टायरवर त्यांचं ठरलेलं वाक्य: "अगं, टायर दगडासारखं पाहिजे, मग बघ गाडी कशी सुटते." माझं वजन ५४ किलो. एवढ्या वजनाच्या माणसाला दगडासारख्या टायरवर दगडांतून खाली सोडायचं, यात त्यांना काही वावगं वाटत नाही.

थंडीतली शर्यत होती. निफाडकडे पारा घसरला की नाशिकलाही सकाळी बोटं वळत नाहीत, तसला गारठा. मी सात वाजता गेज, म्हणजे हवेचा दाब मोजायचं यंत्र, लावून पुढे २०, मागे २२ पीएसआय (दाबाचं माप) करून ठेवले होते. नंबरप्लेट घ्यायला गेले, तिथे चहा झाला, ओळखीचे भेटले. परत येते तो दाजी सायकलजवळ उभे, पायाशी मोठा पंप, चेहऱ्यावर समाधान. "चाळीस करून दिली, पुढे-मागे दोन्ही. अगदीच बसली होती गं." मी अंगठा दाबून पाहिला, टायर हलेना. गेज काढलं, व्हॉल्व्ह सैल केला आणि तिथेच, त्यांच्यासमोर आणि त्यांनी मदतीला आणलेल्या दोन मित्रांसमोर, हवा सोडली. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. दाजी काही बोलले नाहीत. संध्याकाळी ताईचा फोन आला, चारचौघांत त्यांचा अपमान केलास म्हणून.

त्या उतारावर मधे एक डावं वळण आहे. खाली कातळासारखी कडक जमीन आणि वर मुरमाचा पातळ थर, म्हणजे फरशीवर छर्रे सांडलेत आणि त्यावरून वळायचंय. मी तिथून सुखरूप निघाले. फार सफाईने नाही, मागचं चाक जरा सरकलं, पण मागचं सरकलं तर सावरता येतं. पुढचं सरकलं तर माणूस आधी जमिनीवर असतो आणि मग त्याला कळतं. आमच्याच ग्रुपमधल्या एका मुलाने दाजींच्याच पंपाने हवा भरून घेतली होती. त्याचं पुढचं चाक नेमकं त्या वळणावर गेलं. कोपर सोलून निघालं. हाड शाबूत राहिलं हे नशीब.

मी चौथी आले. तेव्हापासून बारसं असो की साखरपुडा, दाजी पाहुण्यांना सांगतात, "हिने ऐनवेळी हवा सोडली नसती तर तिसरी होती." म्हणून हे नीट लिहून ठेवते.

डांबर सपाट असतं. तिथे टायर कमी दबलं की कमी ताकद वाया जाते, इथपर्यंत दाजींचं बरोबर आहे. खडबडीत उतारावर कडक टायर दगडाला लपेटत नाही, दगडावरून उडतं. प्रत्येक उडीत सायकल आणि तुम्ही थोडे वर उचलले जाता, आणि ती ताकद तुमच्या वेगातूनच जाते. शिवाय चाक हवेत असताना ना ब्रेक लागत, ना वळता येत. मऊ टायर दगड गिळतं आणि जमिनीला धरून राहतं. डाउनहिलमध्ये वेळ वाचते ती ब्रेक उशिरा दाबून आणि वळणातून वेग घेऊन बाहेर पडून. दोन्ही गोष्टी टायर जमिनीला टेकलेलं असेल तरच होतात.

हलक्या टायरचंही तेच. आपल्याकडचा दगड बेसॉल्ट. ताजा फुटलेला असला की कडा धारदार असतात, आणि पातळ साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, तिथे उभी चिरते. ती चीर सीलंटने, म्हणजे भोकं बुजवायला टायरमध्ये घालतात त्या द्रवाने, बुजत नाही. दुहेरी थराचं डाउनहिल केसिंग (रबराखालचा कापडी सांगाडा) असलेलं २९ इंची टायर सव्वा किलोच्या पुढे जातं, आणि ते हातात घेतलं की दाजींसारखे लोक "एवढं जड?" म्हणतात. जाऊ द्या जड, उतारावरच तर जायचंय. २०१५ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिओगांगला अमेरिकेचा डाउनहिल शर्यतवीर ॲरन ग्विन याची साखळी सुरुवातीलाच तुटली आणि तो साखळीशिवाय वर्ल्ड कप शर्यत जिंकला. त्याच्या आदल्या वर्षी त्याच डोंगरावर त्याचं मागचं टायर गेलं होतं. तेव्हा नुसत्या रिमवर खाली उतरला, पण जिंकणं लांबच राहिलं. गिअरवर पैसे घालवून टायरला काटकसर करणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

पुढच्या टायरला सगळ्यात मऊ रबर घ्या. मॅक्सिस कंपनीत त्याला मॅक्सग्रिप म्हणतात. ते लवकर झिजतं, झिजू द्या. मागे एक पायरी टणक रबर चालतं, पण केसिंग तिथेच जास्त दणकट हवं, कारण रिमवर आपटतं ते मागचंच. हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली सायकल, असेल तर तीनदा वाचा हे वाक्य. मी मॅक्सिसचीच वापरते, पुढे असेगाय आणि मागे मिनियन डीएचआर टू. असेगाय हे ग्रेग मिनारचं टायर. डाउनहिलमध्ये चार वेळा जगज्जेता झालेला माणूस आहे, त्यातली शेवटची वेळ २०२१ ची, चाळिशीच्या उंबरठ्यावर. श्वाल्बेचं मॅजिक मेरी, काँटिनेंटलचं क्रिप्टोटल हेही त्याच जातकुळीचे. यांच्यातला फरक तुम्हाला पहिल्या शर्यतीत कळणार नाही, त्यामुळे दुकानात खरोखर हातात मिळेल ते, योग्य केसिंगमध्ये घ्या. नावावर भांडत बसू नका. पैसे एकाच टायरपुरते असतील तर पुढचं बदला.

हवा: ७८ किलोला डाउनहिल केसिंग आणि ट्यूबलेस धरून पुढे २३, मागे २६ पासून सुरू करा. रिम दगडावर वाजली तर एकेक वाढवा, नाही वाजली आणि सायकल चळचळ थरथरली तर एकेक कमी करा. ट्यूब घालणार असाल तर हे आकडे विसरा, चार-पाचने वाढवा, नाहीतर ट्यूब चिमटून दोन भोकं पडतील. मोठ्या पंपावरचा काटा एवढ्या कमी दाबाला धड दाखवत नाही, म्हणून वेगळं डिजिटल गेज घ्या. आदल्या दिवशी दुपारी उन्हात सराव करून बसवलेली हवा थंडीच्या सकाळी दीड-दोन पीएसआयने उतरलेली असते. सावलीत परत मोजा.

आता हे आधी सांगायला हवं होतं: वरचं सगळं कोरड्या मातीसाठी आहे. शर्यत पावसाळ्यात किंवा पावसाळा नुकताच संपल्यावर असेल तर गणित बदलतं. काळी माती टायरच्या बटणांमध्ये अशी भरते की दोन वळणांत नक्षीच उरत नाही. तिथे मॅक्सिस शॉर्टीसारखं उंच, विरळ बटणांचं टायर लागतं. आणि शेवाळलेल्या कातळावर बटणं कितीही उंच असली तरी उपयोग नाही, तिथे फक्त मऊ रबर आणि ब्रेकला हात न लावणं. सीलंटही आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं, मेमध्ये घातलेलं ऑक्टोबरच्या शर्यतीला आत आहे असं धरून चालू नका. टायर हलवून आवाज ऐका, आवाज नाही आला तर नवं घाला.