फिट, आकडी, फेफरे, अपस्मार: एकच की वेगवेगळे?

फिट, आकडी, फेफरे आणि अपस्मार हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतात का, असा प्रश्न आहे. माझ्या मते येत नाहीत. फिट किंवा आकडी येते आणि जाते, म्हणजे ती घटनेची नावे झाली. उघड तात्कालिक कारणाविना असे झटके पुन्हा पुन्हा येण्याची प्रवृत्ती ज्या विकारात असते, तो अपस्मार. फेफरे बोलण्यात दोन्ही अर्थांनी चालते. हा भेद पाळणे आवश्यक आहे, कारण लहान मुलाला तापात आकडी आली, एवढ्यावरून त्याला अपस्मार आहे असे ठरत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. फेफरे म्हटले की शरीर ताठ होणे, दातखीळ बसणे, हातपाय झडणे आणि तोंडाला फेस येणे एवढेच आपल्याला आठवते. हे वर्णन टॉनिक-क्लोनिक या एकाच प्रकाराचे आहे. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या संस्थेने 2017 मध्ये केलेल्या वर्गीकरणात पहिला प्रश्न झटक्याची सुरुवात मेंदूत कोठे होते, हा आहे. ती एका भागात झाली तर झटका फोकल आणि दोन्ही अर्धगोलांत एकदमच झाली तर जनरलाइज्ड. काही वेळा ती कळतच नाही. फोकल झटक्यात एखाद्याचा फक्त अंगठा उडत राहतो आणि तो आपल्याशी नीट बोलतही असतो. दुसरा मात्र शून्यात पाहत, तोंड चघळल्यासारखे हलवत सदऱ्याची बटणे चाचपतो आणि नंतर त्याला त्यातले काही आठवत नाही. मायोक्लोनिक झटक्यात हात क्षणभर उडून कप निसटतो, तर अटॉनिक झटक्यात स्नायूंतला ताण जाऊन माणूस कोसळतो.

ॲबसन्स प्रकारात मूल पाढे म्हणता म्हणता काही सेकंद थांबते, एकटक पाहते, पापण्या फडफडतात आणि ते पुन्हा पाढे म्हणू लागते. घरचे याला तंद्री म्हणतात आणि शाळेत तो दुर्लक्षाचा दोष ठरतो. फेफरे हा शब्द येथे कोणाला सुचणारही नाही; उलट स्मृतीच्या लोपावर बेतलेला अपस्मार हा जुना संस्कृत शब्द या मुलाला अधिक लागू पडतो, जरी शुद्ध न हरपणाऱ्या फोकल झटक्याला तोही अपुराच आहे.

लिहिताना ‘अपस्माराचा झटका’ असे पूर्ण लिहावे, कारण नुसता झटका हृदयाचाही वाटतो. ‘अनुपस्थिती झटका’ हे भाषांतर मात्र शाळेच्या हजेरीपटातून उचलल्यासारखे वाटते, त्यापेक्षा ॲबसन्स झटकाच ठेवावा.