झटके गेमचे की लॅपटॉपचे, हे दोन तासांच्या आत ठरवा

आधी गेम बंद करा. मेनूवर उघडा ठेवून इथे उत्तराची वाट बघत असाल तर तो वेळही स्टीम (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) मोजतंय.

तुमचं म्हणणं असं: प्री-ऑर्डर केलेला गेम परवा रिलीज झाला, गोव्यात वाळपईला घरी आरटीएक्स 4050 हे 6 जीबीचं ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपवर चालवला, सगळं मीडियमवर आणलं तरी धावताना अडखळतो, 70 मिनिटं खर्ची पडली. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीत मनसोक्त खेळायचा बेत होता, तर पॅचची (कंपनीच्या दुरुस्ती अपडेटची) वाट बघावी की पैसे परत घ्यावेत?

पैसे परत करण्याचा स्टीमचा नियम 14 दिवस आणि 2 तासांपेक्षा कमी खेळ असा आहे. प्री-ऑर्डर असली तर हे दिवस रिलीजपासून मोजतात. पण पैसे जास्त देऊन काही दिवस आधी खेळायला मिळणारी आवृत्ती घेतली असेल, तर एप्रिल 2024 पासून तो आधीचा खेळही दोन तासांत धरतात. म्हणजे तुमच्या हातात 50 मिनिटं आहेत. त्यातली 25 नीट वापरली तर निकाल लागतो.

लॅपटॉप चार्जरवर हवाच. लाईट गेली आणि गेम बॅटरीवर आला की ग्राफिक्स कार्डाला मिळणारी वीज कापली जाते, दर सेकंदाला उमटणाऱ्या फ्रेम (चित्रं) निम्म्यावर येतात आणि विनाकारण गेमला शिव्या बसतात. पावसाळ्यात तुमच्या सत्तरी तालुक्यात हे होणारच, तेव्हा चाचणी लाईट स्थिर असेल तेव्हाच करा. लॅपटॉप गादीवर नको, टेबलावर.

आता आफ्टरबर्नर हा ग्राफिक्स कार्डावर नजर ठेवणारा प्रोग्राम आणि त्याच्यासोबत येणारा रिवाट्यूनर लावून स्क्रीनवर फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा, आलेख आणा. सरासरी एफपीएसकडे (सेकंदाला किती फ्रेम) बघू नका, तो आकडा फसवतो. 60 एफपीएस म्हणजे प्रत्येक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांत. रेघ सपाट असेल तर सगळं ठीक. मध्येच 80-100 मिलिसेकंदांचा सुळका उभा राहिला की तोच तुम्हाला जाणवणारा झटका, मग सरासरी 70 का दिसेना. सुळके तीन जातींचे असतात.

पहिली जात शेडरची. शेडर म्हणजे प्रकाश, धूर, पाणी कसं रंगवायचं याचे छोटे प्रोग्राम. कन्सोलचं हार्डवेअर एकच, म्हणून ते आधीच तयार करून देता येतात. पीसीवर प्रत्येक कार्ड आणि ड्रायव्हरसाठी ते तुमच्याच मशीनवर बांधावे लागतात. गेमने ते सुरुवातीला बांधले नाहीत, तर पहिला स्फोट, पहिला पाऊस, पहिला शत्रू, दर वेळी झटका. दुसऱ्यांदा नाही, कारण बांधलेला शेडर डिस्कवर साठवलेला असतो. सुरुवातीला ‘शेडर तयार होत आहेत’ असं येत असेल तर ते पूर्ण होऊ द्या, कंटाळून स्किप करू नका. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये शेडर कॅश साइझ 10 जीबी करा. आणि ड्रायव्हर उगाच बदलू नका. नवा ड्रायव्हर आला की ते सगळं पुन्हा बांधलं जातं.

दुसरी जात व्हीरॅमची, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीची. पहिली दहा मिनिटं बरी जातात, मग हळूहळू चिकटायला लागतं, गेम बंद करून उघडला की पुन्हा दहा मिनिटं बरी. 6 जीबी भरली की टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) साध्या रॅममध्ये सांडतात आणि तिथून आणायला वेळ लागतो. इथे सगळं मीडियम करण्यात अर्थ नाही. फक्त टेक्स्चर एक पायरी खाली घ्या, गेम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा, फ्रेम जनरेशन बंद ठेवा (ते मधल्या फ्रेम कृत्रिमपणे बनवतं आणि स्वतःच व्हीरॅम खातं), ब्राउझर आणि डिस्कॉर्ड बंद करा. सावल्या वगैरे नंतर वाढवल्या तरी चालतात.

तिसरी जात वाईट. एका भागातून दुसऱ्या भागात जाताना, पूल ओलांडताना, गावाच्या वेशीवर, नेमक्या त्याच जागी झटका. गेम पुढचा भाग डिस्कवरून आणतो आणि ते काम फ्रेम रंगवण्याचं काम अडवून करतो. याची परीक्षा सोपी आहे: त्या जागेच्या अलीकडे सेव्ह करा, धावत जा, सुळका बघा. गेम पूर्ण बंद करा. फक्त सेव्ह लोड करून भागत नाही, कारण तो भाग रॅममध्ये बसलेला असतो. पुन्हा उघडा आणि तिथूनच धावा. सुळका गेला तर तो शेडरचा होता. तसाच असेल तर सगळी सेटिंग तळाला नेऊन तिसऱ्यांदा धावा. तरीही तेवढाच उंच असेल तर दोष गेमचा. त्याला रॅम, कूलिंग पॅड, यूट्यूबवरच्या कॉन्फिग फायली, काहीही लागू पडत नाही.

असा गेम म्हणजे जत्रेच्या नाटकात पडदा वर गेला तरी आत खिळे ठोकण्याचा आवाज चालू. खिळे ठोकून होतात, पण चवथीपर्यंत नाही. क्रॅश आणि अडकलेले क्वेस्ट (गेममधल्या कामगिऱ्या) दिवसांत-आठवड्यांत दुरुस्त होतात. भाग लोड करण्याची पद्धत बदलायला महिने लागतात. ‘बॅटमॅन: अर्खम नाइट’ची पीसी आवृत्ती जून 2015 मध्ये विक्रीतून काढली, ती परत आली ऑक्टोबरात. ‘सायबरपंक 2077’ डिसेंबर 2020 मध्ये आला, त्याच महिन्यात सोनीने आपल्या स्टोअरवरून काढला, जून 2021 मध्ये परत घेतला, आणि लोक ज्याला खरा पूर्ण गेम म्हणतात तो 2.0 पॅच आला सप्टेंबर 2023 मध्ये. तोवर किंमतही उतरलेली असते, हा भाग प्री-ऑर्डर करणाऱ्यांना जास्त झोंबतो.

म्हणून तिसरी जात निघाली तर आजच पैसे मागा. स्टीम सपोर्टमध्ये ‘पर्चेसेस’ उघडा, गेम निवडा, रिफंडचा पर्याय घ्या, कारण एका ओळीत लिहा. पैसे मूळ मार्गाने हवे की वॉलेटमध्ये ते तिथेच विचारतात. मंजूर झाल्यावर साधारण आठवड्याभरात जमा होतात. मूळ मार्गाने परत करता आले नाहीत तर ते वॉलेटमध्ये टाकतात. दोन तास उलटले असले तरी अर्ज करायला मनाई नाही, फक्त मग हक्क राहत नाही, मर्जी राहते. बाहेरच्या साइटवरून गेमचा कोड (की) घेतला असेल तर स्टीमचा हा नियम लागू नाही. याच चर्चेत प्लेस्टेशनवाल्यांनी विचारलंय: तिथे 14 दिवस आहेत, पण डाउनलोड सुरू केलं की सहसा दार बंद. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात मात्र खेळलेला गेमही 30 दिवसांत परत होतो.

पहिली किंवा दुसरी जात निघाली तर गेम ठेवा, पण सेव्हची काळजी तुम्हीच घ्या. स्टीमचं क्लाउड म्हणजे बॅकअप नव्हे, बिघडलेली सेव्ह तो तितक्याच इमानाने वर चढवतो. अनरिअल इंजिनावर बनवलेल्या बऱ्याच गेमच्या सेव्ह अॅपडेटा, लोकल, गेमचं नाव, सेव्हड, सेव्हगेम्स या वाटेवर असतात. अॅपडेटा दिसत नसेल तर एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये हिडन आयटम्स चालू करा. प्रत्येक पॅचच्या आधी तो फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. डिस्कवर जागाही मोकळी ठेवा: पॅच 600 एमबीचा असला तरी स्टीम त्यासाठी 40 जीबीची आख्खी फाइल नव्याने लिहू शकतं, आणि एसएसडी गच्च भरलेली असली की अपडेट तिथेच अडकतं.